शनिवारचे घर, रविवारची मंडळी

बालाघाट जिल्हा १८६७ साली अस्तित्वात आला. भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून इंग्रजांनी वैनगंगेच्या खोऱ्यात हा नवा जिल्हा आखला आणि नागपूर विभागाला जोडला. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८६५ मध्ये, हिंदुस्थानचा वारसा कायदा झाला होता. हिंदू, मुसलमान आणि बौद्ध यांना त्यातून वगळले होते, पारशांसाठी त्याच वर्षी स्वतंत्र कायदा झाला, आणि ज्यू व ख्रिस्ती हे दोन समाज एकाच नियमाखाली आले. मृत्युपत्र न करता नवरा गेला आणि मागे मुले असली तर एक तृतीयांश विधवेचे, उरलेले मुलांचे. मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. १९२५ च्या वारसा कायद्यातही हीच वाटणी कायम राहिली. म्हणजे मिळकतीच्या बाबतीत ज्यू आणि ख्रिस्ती घरात सरकारला फरक दिसत नव्हता. आई ज्यू आणि वडील ख्रिस्ती, किंवा उलट, अशा घरातल्या मुलाला घर-शेत कसे मिळेल हे मुंबईत जेवढे ठरलेले होते तेवढेच बालाघाटातही होते. त्या मुलाला दोन्हीकडून आणखी काय मिळते, आणि ते कोणत्या वाटेने मिळते, याचे उत्तर कायद्यात नाही. ते मराठी मुलखाच्या इतिहासात शोधावे लागते.

दोन धर्मांच्या घरातल्या मुलाबद्दल आपल्याकडे एक हिशेब सहज मांडला जातो: अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे, आणि शेवटी धड कुठलेच नाही. हा हिशेब दोन्ही परंपरा एकाच जागेसाठी भांडतात असे धरून चालतो. माझे म्हणणे असे की मराठी भाषेत वाढलेल्या ज्यू आणि ख्रिस्ती परंपरांच्या बाबतीत हे गृहीतच चुकीचे आहे. मराठी ज्यूंची, म्हणजे बेने इस्राएलांची, परंपरा मुळात घरात, स्वयंपाकघरात आणि आठवड्याच्या विश्रांतीत रुजलेली. एकोणिसाव्या शतकात मिशनांमधून उभी राहिलेली मराठी ख्रिस्ती परंपरा मुळात मंडळीची, उपासनेची, गायनाची आणि वाचनाची. दोघींच्या बसायच्या जागा वेगळ्या आहेत. म्हणून एका छपराखाली त्या एकमेकींना लगेच ढकलून देत नाहीत. जे नुकसान होते ते बहुतेक वेळा घराबाहेरून येते: विवाहाचा कायदा, शाळा, पंचांग आणि सरकारी याद्या यांच्याकडून.

आधी बेने इस्राएल. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची उत्पत्तिकथा आहे. तिची तारीख ठरवण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले आणि कोणताही पक्का नाही. पक्के आहे ते कुलाबा जिल्ह्यातले त्यांचे जिणे. तेल गाळणे हा धंदा, शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावे गावांवरून: किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्यांच्याकडे सभागृह म्हणावे असे एकही प्रार्थनामंदिर नव्हते. मुंबईत पहिले उभे राहिले ते १७९६ मध्ये, समाजी हसाजी दिवेकर यांच्या पुढाकाराने. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी ते बांधले अशी समाजाची आठवण आहे. त्याआधी रब्बी नाही, हिब्रू ग्रंथ नाहीत, प्रार्थना म्हणावी तर ‘शेमा’ची एक ओळ, जी सुंतेला, लग्नाला आणि मृत्यूच्या वेळी सारखीच म्हटली जाई. तरीही शेकडो वर्षे हा समाज विरघळून गेला नाही.

तो टिकला कशाच्या बळावर, हे सणांच्या नावांवरूनच दिसते. हैम शमुवेल किहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला आणि १९३७ साली तेल अवीवमध्ये छापला गेलेला समाजाचा इतिहास याची सविस्तर नोंद देतो. वर्षारंभाचा नव्याचा सण. त्यानंतर खिरीचा सण. प्रायश्चित्ताच्या उपवासाला दारफाळणीचा सण, कारण त्या दिवशी दारे लावून घरातली माणसे घरातच बसत, बाहेरच्याशी संपर्क नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण. पुरीमला होळीचा सण, कारण तो होळीच्या आसपास येतो. मिसरमधून सुटकेच्या सणाला अनाशी ढाकाचा सण, कारण आंबट चटणीचे मडके त्या दिवसांत झाकून ठेवत. यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या दुखवट्याला बिरड्याचा रोजा, कारण त्या दिवशी भातावर वालाचे बिरडे. यांतल्या एकाही दिवसासाठी देऊळ लागत नाही, पुरोहित लागत नाही, पुस्तकसुद्धा लागत नाही. चूल, मडके, दार आणि दिवा एवढ्यावर सगळे वर्ष चालते. दुधात मांस शिजवायचे नाही म्हणून मटणाच्या रश्शात नारळाचे दूध; द्राक्षाचे मद्य मिळत नाही म्हणून भिजवलेल्या मनुकांचे सरबत; खवले आणि पर असलेलीच मासळी. नवस फेडताना आणि शुभकार्यात मलिदा: भिजवलेले पोहे, गूळ, खोबरे, सोबत फळे, आणि संदेष्टा एलियाहूचे स्मरण. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहूच्या रथाच्या खुणेचे ठिकाण ते दाखवतात. कोकणातल्या मातीत अशी रोवलेली परंपरा मुख्यतः बायकांच्या हातून पुढे जाते, आणि तिला पसरायला एक स्वयंपाकघर पुरते.

मग मिशनरी आले, आणि पुढचा भाग मला साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका वाटतो. अमेरिकन मराठी मिशनची माणसे १८१३ मध्ये मुंबईत उतरली. त्यांच्या मराठी शाळांत बेने इस्राएल मुले आली आणि पुढे बेने इस्राएल शिक्षकही. १८२६ च्या सुमारास मायकेल सार्जन हा ख्रिस्ती झालेला कोचीनचा ज्यू बेने इस्राएलांसाठी शाळा चालवू लागला. १८२९ मध्ये स्कॉटलंडहून जॉन विल्सन आले. त्यांनी १८३२ मध्ये हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीत छापले, आणि ते मुख्यतः याच समाजासाठी होते. मिशनने संपूर्ण बायबल मराठीत आणले ते १८४७ मध्ये. कोकणात शनिवार पाळणाऱ्या माणसांना आपल्या पूर्वजांची कथा पहिल्यांदा आपल्या भाषेत, अखंड आणि छापील मिळाली ती ख्रिस्ती छापखान्यातून. अब्राहाम, मोशे, दावीद, शलमोन ही मंडळी त्यांना नावाने माहीत होती. आता वाचता आली.

मिशनरींचा हेतू उघड होता. त्यांना ही माणसे ख्रिस्ती करायची होती. विल्सन यांना हा समाज इस्राएलाच्या हरवलेल्या दहा वंशांपैकी वाटे, आणि त्याच्या धर्मांतराला ते विशेष महत्त्व देत. अनेक दशकांच्या खटपटीनंतर पदरात बाप्तिस्मे पडले अगदी थोडे. समाजाने व्याकरण घेतले, बायबलचा जुना करार घेतला, शाळा घेतली, नोकऱ्या घेतल्या आणि आपल्या सभागृहात परत गेला. १८४८ मध्ये अलिबागला आणि १८४९ मध्ये पनवेलला प्रार्थनामंदिरे उभी राहिली. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी अनुवादासह शिळाछापावर निघाली. १८७४ मध्ये पुण्यात सचित्र आवृत्ती आली. मिशनच्या शाळेत शिकलेले योसेफ यहेज्केल राजपूरकर पुढे मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक झाले आणि त्यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८७५ मध्ये किहीमकरांनी समाजाची स्वतःची शाळा काढली. तरी मिशनच्या शाळेशी नाते तुटले नाही. कवी निस्सीम एझिकेल कॅथॉलिक शाळेत शिकले, विल्सन कॉलेजात शिकले, आणि त्याच कॉलेजात त्यांचे वडील वनस्पतिशास्त्र शिकवत असत. एझिकेल अखेरपर्यंत बेने इस्राएल म्हणूनच ओळखले गेले.

यावर कोणी म्हणेल की शाळेत जाणे वेगळे आणि घर करणे वेगळे. मी दोन वेगळ्या गोष्टी जोडतो आहे. हरकत रास्त आहे, आणि म्हणूनच ही दीडशे वर्षे उपयोगी आहेत. मुलगा दिवसभर ख्रिस्ती शिक्षकाकडून बायबल शिके, ख्रिस्ती गीते ऐके, संध्याकाळी घरी येऊन शुक्रवारचा दिवा पाही. दोन्ही परंपरा एकाच मुलाच्या आयुष्यात, एकाच भाषेत, रोज एकत्र येत होत्या. मिश्र घरात जे घडते असे आपण मानतो, ते शाळेत आणि घरात मिळून पिढ्यान्पिढ्या घडले. घरातला भाग जिवंत होता म्हणून शाळेतल्या भागाने त्याला खाल्ले नाही. उलट त्याला वाचता-लिहिता केले. कोचीनहून आलेले शिक्षक आणि प्रार्थना चालवणारे हज्जान, नंतर बगदादी ज्यूंचा संपर्क, यांचाही या पुनरुज्जीवनात मोठा हात आहे, आणि तो कमी लेखणे चूक ठरेल. सगळे श्रेय मिशनला देण्याचा माझा मुळीच विचार नाही. एवढेच की ख्रिस्ती साधने हाताशी असूनही, किंवा असल्यामुळे, हा समाज अधिक ज्यू झाला.

दुसरी बाजू पाहू. एकोणिसाव्या शतकात मिशनमुळे ख्रिस्ती झालेला मराठी माणूस आपले घर गमावून ख्रिस्ती होत असे. जातीने वाळीत टाकलेला, विहिरीवर जाता येत नसलेला, वारसाहक्क जाऊ नये म्हणून १८५० चा जातिनिर्बंध निवारण कायदा करावा लागला असा. त्याला नवे घर मिळाले ते मंडळीत: मिशनच्या आवारात, रविवारच्या उपासनेत, वसतिगृहात, गायनात. नारायण वामन टिळकांची गोष्ट बालाघाट भागातल्या वाचकाला परकी वाटू नये. नागपूर–राजनांदगाव हा रेल्वेचा मार्ग बालाघाटच्या दक्षिणेकडून जातो. राजनांदगावला जाताना गाडीत भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशाने टिळकांच्या हाती नवा करार दिला आणि तिथून त्यांच्या मनाचा प्रवास सुरू झाला. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा हिंदूच राहिल्या आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः दीक्षा घेतली. मधली वर्षे ताटातुटीची आणि नंतर एकाच घरात दोन धर्मांची. त्या काळाचे चित्र लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे, आणि त्यात वाद बायबलच्या अध्यायांवर फारसे होत नाहीत. ते पाण्यावर, सोवळ्यावर, कोणाच्या हातचे खायचे यावर होतात. टिळक सभेत कीर्तन करत असताना घरातली सीमारेषा चुलीपाशी होती. लक्ष्मीबाईंनी ती ओलांडली तेव्हाच त्या घरातला प्रश्न खऱ्या अर्थाने सुटला.

टिळकांचे घर हिंदू-ख्रिस्ती होते, ज्यू-ख्रिस्ती नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरी त्याचा पुरावा इथे लागू पडतो, कारण त्यात मराठी प्रॉटेस्टंट जीवनाचा आकार दिसतो: बळ मंडळीत, शब्दात आणि सुरात. पंडिता रमाबाई हेच दुसऱ्या टोकाने सांगतात. सामान्य मराठी बाईला कळेल असे बायबल हवे म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतले, केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात ते बायकांच्या हातांनी जुळवले गेले, आणि रमाबाईंच्या निधनानंतर १९२४ मध्ये ते पूर्ण बाहेर आले. चित्पावन घरात जन्मलेली ख्रिस्ती स्त्री तौरात मूळ भाषेतून वाचायला बसते आणि किहीमचे तेली मिशनच्या व्याकरणातून तीच भाषा शिकतात: दोन परंपरा या मुलखात पुस्तकाच्या पानावर इतक्या जवळ आल्या होत्या. वसई आणि गोव्याच्या कॅथॉलिकांना हे वर्णन पुरते लागू होत नाही, हेही सांगितले पाहिजे. तिथे घरातली सायंप्रार्थना आहे, लग्नातले उंबराचे पाणी आहे, सोळाव्या शतकापासूनचे घरगुती रीतिरिवाज आहेत. वसईच्या घरात ज्यू सून आली तर स्वयंपाकघरातली जागा रिकामी नसेल, आणि तिथे माझ्या मताला मुरड घालावी लागेल. नगर, नागपूर आणि वैनगंगेच्या खोऱ्यातल्या मिशनी ख्रिस्ती घरांना मात्र ते लागू पडते.

आता विवाहाचा कायदा, कारण तिथे तोल बिघडतो. १८७२ मध्ये दोन कायदे झाले. विशेष विवाहाच्या कायद्याखाली लग्न करायचे तर दोघांनीही आपण हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती, ज्यू वगैरे कोणताच धर्म मानत नाही असे लिहून द्यावे लागे. ज्यू मुलगी आणि ख्रिस्ती मुलगा आपापला धर्म ठेवून त्या वाटेने जाऊच शकत नव्हते. उरला भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा. दोघांपैकी एक जरी ख्रिस्ती असला तरी लग्न त्याच कायद्याप्रमाणे, परवानाधारक धर्मगुरू किंवा विवाहनिबंधकासमोर, लागले पाहिजे असे त्याचे चौथे कलम सांगते. इतर रीतीने लागलेले लग्न रद्द. ज्यू लग्नविधीला, लग्नाच्या छताखाली (खुप्पाखाली) वाचल्या जाणाऱ्या करारपत्राला, अशा जोडप्याच्या बाबतीत कायद्याच्या दृष्टीने वजन नव्हते. वर त्याच कायद्याचे ८८ वे कलम असे की कोणाही पक्षाच्या व्यक्तिगत कायद्याने मना केलेले लग्न या कायद्याने वैध होत नाही. ज्यू धर्मशास्त्र बाहेरच्याशी लग्न मान्य करत नाही. म्हणजे एका हाताने ख्रिस्ती कायद्याची सक्ती आणि दुसऱ्या हाताने त्याच लग्नावर शंका. घटस्फोटाची वेळ आली तर १८६९ चा घटस्फोट कायदा, तोही एक पक्ष ख्रिस्ती असला की लागू. ही कोंडी फुटली १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने. तेव्हापासून दोघांना आपला धर्म न सोडता नोंदणी करता येते. मराठी मुलखात ज्यू-ख्रिस्ती घरे एकोणिसाव्या शतकात का दिसत नाहीत याचे कारण केवळ दोन्ही समाजांच्या कर्मठपणात शोधणारे हे कलम ८८ विसरतात. सोबत राहण्याची इच्छा कुठे असलीच, तर तिला कायदेशीर दार नव्हते.

सर्वांत वजनदार आक्षेप आता घेतो. तो असा: परंपरा घरात राहते हे ठीक, पण परंपरेचा हक्क कोणाला हे समाज ठरवतो, आणि बेने इस्राएलांनी स्वतःच मिश्र संततीला बाजूला ठेवले होते. हे खरे आहे. समाजात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन थर होते. ज्यांच्या वंशात बाहेरच्या स्त्रीशी संबंध आला असे मानले जाई ते काळे; त्यांच्याशी बेटीव्यवहार नाही, पंगतीला ते वेगळे. हा भेद विसाव्या शतकात विरत गेला. तो अन्यायाचा होता, आणि त्याची सफाई देण्याची मला इच्छा नाही. पण तोच भेद माझ्या मुद्द्याचा पुरावाही आहे. काळ्या इस्राएलांना मान मिळाला नाही, तरी त्यांच्या घरात शनिवार पाळला जाई, सुंता होई, तेच सण येत. समाजाने त्यांना दर्जा नाकारला आणि परंपरा तरी पुढे गेली, कारण ती पंगतीतल्या जागेवर अवलंबून नव्हती. रक्ताच्या शुद्धतेवर टिकणारी गोष्ट असती तर ती पहिल्याच पिढीत संपली असती.

याच प्रश्नाची दुसरी, अधिक कडवट फेरी इस्राएलमध्ये झाली. १९४८ नंतर हजारो बेने इस्राएल तिकडे गेले. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने आदेश काढला की बेने इस्राएल व्यक्तीचे इतर ज्यूंशी लग्न लावण्यापूर्वी तिच्या आईकडच्या पिढ्या शक्य तितक्या मागे तपासाव्यात. ज्यांनी दोन हजार वर्षांची आठवण सांगत शनिवार पाळला, त्यांच्यावर मिसळीचा संशय. आंदोलने झाली, उपोषणे झाली, १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेला लक्ष घालावे लागले आणि आदेशातला समाजाचा नामनिर्देश काढण्यात आला. या प्रकरणाचा मिश्र घरांशी थेट संबंध आहे. ज्यू धर्मशास्त्र म्हणते मूल आईवरून ज्यू ठरते. कॅथॉलिक चर्च बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्नाला खास सूट मागायला लावते, आणि १९७० पर्यंत मुलांना कॅथॉलिक म्हणून वाढवण्याचे वचन दोघांकडून घेई. पुढे ते कॅथॉलिक जोडीदाराच्या प्रयत्नापुरते राहिले. आई बेने इस्राएल आणि वडील कॅथॉलिक असे मूल ज्यू शास्त्राच्या नियमाने जन्मतः आणि चर्चच्या नियमाने बाप्तिस्म्यानंतर पूर्णपणे आपले ठरते. आई ख्रिस्ती असेल तर ज्यू शास्त्राच्या दृष्टीने ते मूल बाहेरचे, मग ते दर शुक्रवारी दिवा लावत असो. हे नियम समाजाची सीमा राखण्यासाठी आहेत आणि त्यांचा तो उद्देश समजण्यासारखा आहे. लहान समाजाला सीमा लागते. पण नियम हक्क सांगतो, सवय सांगत नाही. आणि इतिहासाला विचारलेला प्रश्न सवयीचा आहे.

लहान समाज म्हटल्यावर संख्येचा आक्षेपही येतो. स्वातंत्र्याच्या सुमारास बेने इस्राएल वीस हजारांच्या आसपास होते. २०११ च्या जनगणनेत सगळ्या भारतात सर्व प्रकारचे ज्यू मिळून साडेचार हजारांच्या आसपास उरले. एवढ्या लोकांत मिश्र लग्न म्हणजे समाजाचा शेवट, असे ठाणे-मुंबईतली वडीलधारी मंडळी म्हणतात, आणि त्यांच्या चिंतेत खोटे काही नाही. मात्र समाज आटला तो मुख्यतः इस्राएलला झालेल्या स्थलांतराने. मिश्र घरांना त्याचा दोष देणे आकड्यांवर अन्याय करणारे आहे. बाहेर लग्न केलेल्यांची नावेही पुसली गेलेली नाहीत. बेने इस्राएल समाजातले डॉ. अब्राहाम सोलोमन एरुलकर यांची मुलगी लीला हिने ग्लाफ्कोस क्लेरिडीस या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती सायप्रसवासीयाशी लग्न केले, ते १९९३ ते २००३ या काळात सायप्रसचे राष्ट्राध्यक्ष होते, आणि त्या देशाच्या सार्वजनिक जीवनात ती एरुलकरांची लेक म्हणूनही ओळखली गेली.

घराबाहेरचे वजन मात्र एका बाजूला झुकलेले आहे, आणि ते मान्य केल्याशिवाय माझा युक्तिवाद पुरा होत नाही. नाताळला सरकारी सुट्टी आहे, दारफाळणीच्या सणाला नाही. मिशनच्या शाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत; बालाघाट आणि बैहर भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेले मिशन पुढे अमेरिकन मेथॉडिस्टांकडे गेले आणि त्याचे काम हिंदी व गोंडीत चालले. तिथल्या मराठी ख्रिस्ती घराला रविवारी जायला मंडळी मिळते, भाषा दुसरी असली तरी. ज्यू बाजूला दहा प्रौढ पुरुषांचा मिन्यान जमवायचा तर मुंबई-ठाणे-पुणे गाठावे लागते. अशा गावात ज्यू परंपरेजवळ उरते ते तिचे जुने, १७९६ पूर्वीचे रूप: दिवा, मनुकांचे सरबत, नारळाच्या दुधातला रस्सा, मलिदा, शेमाची ओळ. नाताळच्या फराळाच्या करंज्या आणि मलिद्याचे पोहे एकाच डब्यांच्या फळीवर राहू शकतात. एकमेकांची चव बिघडवत नाहीत. पण शाळेच्या अर्जावर धर्माचा रकाना एकच असतो.

त्या रकान्यावर येऊन हा विषय आज ठेपला आहे. केंद्र सरकारने अल्पसंख्याक म्हणून जाहीर केलेल्या समाजांत मुसलमान, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन आहेत, ज्यू नाहीत. महाराष्ट्राने २०१६ मध्ये ज्यूंना राज्यापुरता अल्पसंख्याक दर्जा दिला, गुजरातने २०१८ मध्ये. गोंदियापासून बालाघाट चाळीसएक किलोमीटरवर आहे. १९५६ पर्यंत दोन्ही एकाच राज्यात होते. आता गोंदियातल्या मिश्र घरातले मूल ज्यू आईचा धर्म लिहो की ख्रिस्ती वडिलांचा, राज्य दोन्हीला ओळखते. राज्यसीमा ओलांडून बालाघाटला आल्यावर वडिलांच्या बाजूला केंद्राच्या यादीचा आधार आहे आणि आईच्या बाजूला नाही. म्हणून पालक अर्जावर ख्रिस्ती लिहितील हे उघड आहे, आणि दोन पिढ्यांत कागदावर दुसरी बाजू उरणार नाही. केंद्राच्या यादीत सातवे नाव घालायला नवा कायदा लागत नाही. १९९२ च्या अल्पसंख्याक आयोग कायद्याखाली जैनांसाठी २०१४ मध्ये जशी अधिसूचना निघाली, तशीच एक पुरेशी आहे.